दोष माझ्या पुढच्या ब्रेकचा नव्हता

मी एक जुनी मोटरसायकल आहे, मित्रांनो, आणि हे सांगताना मला मुळीच लाज वाटत नाही. वीस वर्षं उत्तनच्या खाऱ्या वाऱ्यात काढून दाखवा आणि मग माझ्या गंजाकडे बघून नाक मुरडा. टाकीचा रंग उडालाय, सीटला दोनदा नवं कव्हर चढलंय, पण किकच्या दुसऱ्या फटक्याला मी आजही सुरू होते. तरीही गेल्या वर्षी मला भंगारात काढायचं ठरलं होतं. ते मी विसरलेले नाही.

कारखान्यात एकाच दिवशी आम्ही दोन प्रकारच्या बहिणी तयार झालो. काहींच्या पुढच्या चाकाला चकचकीत डिस्क ब्रेक होता, आम्हा साध्यांना ड्रम. म्हणजे चाकाच्या पोटात दोन शू असतात आणि हँडलवरचा लिव्हर ओढला की तारेच्या ताणाने ते आतून चाकाला दाबून धरतात. डिस्कवाल्या फार तोऱ्यात असायच्या. असू देत. ड्रमसुद्धा चाक थांबवतो, फक्त त्याची निगा ठेवावी लागते.

मला घेतलं लुईसने. त्याच्या भावाची होडी होती आणि मासळी भाईंदरच्या बाजारात पोचवायचं काम लुईसचं. मी घरी आले त्या दिवशी फादरनी माझ्यावर पवित्र पाणी शिंपडलं आणि लुईसच्या बायकोने, नोराने, माझ्या हँडलला रोझरी बांधली. रोज पहाटे नोरा मागे बसायची, दोन्ही अंगांना टोपल्या लटकायच्या आणि आम्ही निघायचो. नोराची गाडी आली की घड्याळ लावून घ्यावं, असं बाजारातल्या बायका म्हणायच्या. ते ऐकून मी अशी फुगायचे की विचारू नका.

पण आमच्या गावची एक रीत होती. मासळीच्या टेंपोतून पाणी गळतं आणि रस्ता बुळबुळीत होतो. तरुणपणी लुईस अशाच एका ओल्या वळणावर पुढचा ब्रेक करकचून दाबून आपटला होता आणि त्याच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. असे आपटलेले गावात बरेच. म्हणून घरोघरी एकच शिकवण, "पुढच्या ब्रेकला हात न्हाय लावायचा. मागचाच दाबायचा."

लुईस एवढ्यावर थांबला नाही. मला आणल्याच्या पहिल्याच आठवड्यात त्याने पाना घेतला आणि माझ्या पुढच्या ब्रेकच्या तारेचा नट ढिला करून टाकला. कुणी चुकून लिव्हर दाबला तरी ब्रेक लागू नये म्हणून. हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. त्याच्या मते त्याने आपलं घरदार वाचवलं होतं.

गेल्या वर्षी त्याची मुलगी जोआन शांती नगरच्या एका लॅबमध्ये कामाला लागली. जाताना ती नोराला बाजारात सोडायची. एका सकाळी डोंगरीच्या उतारावर पुढचा बर्फाचा टेंपो एकदम थांबला. जोआनने मागचा ब्रेक दाबला आणि माझं मागचं चाक जाम होऊन घसरू लागलं. घाबरून तिने जन्मात पहिल्यांदा पुढचा लिव्हर ओढला. तो नुसताच मुठीला येऊन टेकला. आम्ही टेंपोवर जाऊन आदळलो. जोआनला खरचटलं, नोराचं मनगट मोडलं, पुढचं चाक धरणारा माझा फोर्क वाकला.

सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटलं. "म्हातारी झाली ती," लुईस म्हणाला. "आज मनगट गेलं, उद्या जीव जायल." त्याने भंगारवाल्याला रविवारी बोलावलं. हे बोलताना तो माझ्याकडे बघत नव्हता, आणि का बघत नव्हता ते फक्त त्याला आणि मला ठाऊक होतं. मला बोलता येत नाही याचा एवढा संताप मला कधीच आला नव्हता.

जोआनला मात्र चैन पडेना. लिव्हर असा रिकामा कसा गेला, हे तिच्या डोक्यातून जाईना. बुधवारी तिने मला टेंपोत घातलं आणि गोडदेवला बबन मेकॅनिककडे नेलं. बबनने चाक उघडलं आणि आतले शू हातात घेऊन तो बघतच राहिला.

"पोरी, वीस वर्षांची गाडी आणि शू कंपनीतून आले तसेच हायत. जरापण झिजले नाय. हा नट बघ, कोणीतरी मुद्दाम ढिला केलाय."

"म्हणजे हा ब्रेक कधी लागलाच नाही?"

"लागणार कसा? ब्रेक मारला की सगळं वजन पुढे येतं. थांबवायचं मोठं काम पुढच्या चाकाचं. ते या गाडीला कोणी करूच दिलं नाय."

मित्रांनो, वीस वर्षांत पहिल्यांदाच माझ्या बाजूने कुणीतरी बोललं होतं.

जोआनने तो नट बोटांत फिरवून पाहिला. "काका, फोर्क बदलायचाच आहे ना? मग डिस्क लावून टाका. पाना घेऊन कुणाला ढिला करता येणार नाही असा ब्रेक पाहिजे मला."

बबनने माझ्याच मॉडेलच्या डिस्कवाल्या बहिणीचा फोर्क आणला, चाक आणलं, लिव्हरपाशी तेलाची छोटी डबी बसवली. मग तेलातली हवा काढायला बसला. हवा राहिली तर लिव्हर मऊ लागतो, म्हणून पाइपातले बुडबुडे थांबेपर्यंत तो तेल सोडत राहिला. शेवटी त्याने लिव्हर दाबला आणि पॅडनी डिस्कची तबकडी दोन्ही बाजूंनी गच्च धरली. खोटं कशाला बोलू, मलाही तोरा चढला.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून लुईस अंगणात आला आणि मला बघून भडकला. "पुढं डिस्क? तोंडावर पडशील, बाय. भंगारवाला आला की देऊन टाक."

"पपा, तो नट तुम्हीच ढिला केलेला ना?"

लुईस माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. नोरा प्लास्टरमधला हात सांभाळत पायरीवरून उठली. "माझा हात गाडीनं न्हाय मोडला, लुईस. तुझ्या भीतीनं मोडला. चल, काढ गाडी. मी मागं बसते."

"मोडका हात घेऊन?"

"हां, मोडकाच घेऊन."

जोआनने त्याला समजावलं, "सरळ रस्त्यात, दोन बोटं, हळूहळू, मागच्याच्या जोडीनं. ओल्या वळणात नाही." तो नकारार्थी मान हलवत राहिला, पण शेवटी त्याने मला किक मारली आणि नोरा मागे बसली.

डोंगरीच्या उताराला लागलो तेव्हा त्याची बोटं लिव्हरवर नुसती टेकलेली होती. दाब ना, मी मनातल्या मनात ओरडत होते, एकदा तरी मला माझं काम करू दे. आणि त्याने दाबलं. माझं नाक खाली झुकलं, टायरने रस्ता पकडला आणि मी सरळ रेषेत उभी राहिले. मागचं चाक इंचभरही सरकलं नाही. पुन्हा वर जाऊन त्याने तेच केलं, मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा थांबल्यावर त्याने मान खाली घातली.

"नोरा, मीच केलेलं गं ते."

"माहीत हाय. घरी चल."

दारात भंगारवाला हातगाडी घेऊन उभा होता. शेजारचे चार लोकही जमले होते. "अंकल, गाडी उठाऊँ?"

"नहीं," लुईस म्हणाला. "गाडी में कुछ खराबी नहीं था. गलती मेरा था."

मित्रांनो, मला तुमची कीव नको आणि कौतुकाचे हारही नकोत. जुन्या वस्तूला जपायचं तर तिला तेलपाणी द्या, अंगावरचा खार धुऊन काढा आणि तिचं काम तिला पुरतं करू द्या. आणि काही बिघडलं, तर तिच्याकडे बोट दाखवण्याआधी तिला आपण काय केलं ते आठवून बघा. सोपं नसतं ते. लुईसने ते एक वाक्य चार लोकांसमोर बोलून दाखवलं. त्या वाक्यासाठी मी त्याला आणखी वीस वर्षं वाहून न्यायला तयार आहे.