आठ मोजायच्या आत

मी शहाजी. एपीएमसीच्या कांदा मार्केटात छत्तीस वर्षं गोण्या वाहिल्या. पोराला, धर्मराजला, एकच शिकवलं: पडलास तर रेफ्रीनं आठ मोजायच्या आत ऊठ. हेवीवेट बॉक्सर होता तो. राज्याच्या फायनलला तीनदा पडला. तिन्ही वेळा मी खालून बोंबललो, "ऊठ!" तिन्ही वेळा उठला. चांदीचं मेडल मिळालं आणि डावा कान कायमचा गेला.

आता तो सिनेमात गुंडांची कामं करतो. मार खाऊन पोट भरतो, आधीही तेच करायचा. पण या वेळी पहिल्यांदा नाव असलेला रोल होता, आणि शूटिंग आमच्याच मार्केटात. मी टोपी घालून गेलो.

सीन सोपा. हीरो ठोसा मारणार, धर्मा कांद्यांवर पडणार, दहा आकडे होईस्तोवर मेल्यासारखा राहणार. हीरो पासष्ट किलोचा असेल. असो.

असिस्टंट मोठ्यानं मोजायला लागला. आठला धर्मा उभा. परत घेतलं. आठला उभा. मग ठरलं, मनात मोजायचं. धर्माही मनात मोजतो. परत उभा.

डायरेक्टर मैत्री मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "दादा, आता शेवटचा टेक. नाहीतर दुसरा माणूस बघावा लागेल." हमाल हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोड माझी होती, भोगत होता तो.

मी मॅडमना म्हणालो, "मला त्याच्याजवळ बसू द्या, कॅमेऱ्यात दिसणार नाही." गोण्यांच्या आडोशाला बसलो, उजव्या कानाच्या बाजूला.

धर्मा पडला. मी मनात मोजत होतो. सहाला त्याची बोटं हलली. सातला खांदा. मी हळूच म्हणालो, "पडून राहा, बाळा."

आठ गेले. नऊ, दहा. मॅडम म्हणाल्या, "कट. ओके." टाळ्या वाजल्या, सगळे जेवायला गेले.

धर्मा उठेना. मी घाबरून त्याचा खांदा हलवला.

"जागा हाय, आबा," तो डोळे मिटूनच म्हणाला. "जरा पडू द्या. त्या फायनलला पण तुम्ही असंच म्हणाला असता तर बरं झालं असतं."

मी टोपी काढली आणि तो उठेपर्यंत तिथंच बसलो. मोजलं नाही.