बाबांनी ऐकून घेतलेला हेडफोन

मी हेडफोन बोलतोय. तुम्हाला विचित्र वाटेल, कारण आम्ही जन्मभर दुसऱ्यांचंच बोलणं पोचवतो. स्वतःहून काही आवाज काढला की लोक म्हणतात, बिघडला. म्हणा हवं तर. पण एका माणसाचे कान माझ्यादेखत गेले आणि त्या घरातली एक गोष्ट आज फक्त मला माहीत आहे. ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आधीच सांगून ठेवतो, मी घाबरट आहे. शेजारचा ड्रॉवर उघडला तरी दचकतो. सांगताना मध्येच अडखळलो तर सांभाळून घ्या.

एका लांबलचक शेडमध्ये, पांढऱ्या दिव्यांखाली माझा जन्म झाला. ओळीनं बसलेल्या बायका, डोक्याला टोप्या, हातात चिमटे. एकीनं माझ्या तारा जोडल्या, दुसरीनं गाद्या बसवल्या. शेवटच्या टेबलावर एक मुलगी आम्हाला कानाला लावून तपासायची. तिनं मला लावलं आणि एक डोळा बारीक केला.

"ह्याचा आवाज चिरका येतोय," ती सुपरवायझरला म्हणाली.

"सगळा लॉटच तसा आहे. स्वस्तातला माल, पोरंटोरं घेणार. जाऊ दे."

माझ्याबद्दल कुणी बोललेलं हे पहिलं वाक्य. नंतर मला खोक्यात घातलं, खोक्यावर हसणाऱ्या मुलीचा फोटो होता आणि खाली 'स्वच्छ, स्पष्ट आवाज' असं छापलेलं. मला त्या मुलीसमोर फार ओशाळल्यासारखं व्हायचं.

दुकानात मी सुट्ट्यांच्या तोंडावर आलो. त्या दिवसांत दुकानात मोठी माणसंच जास्त येतात आणि सगळी सारखाच चेहरा घेऊन येतात, परीक्षेला अभ्यास न करता बसल्यासारखा. "पंधरा वर्षांच्या मुलाला काय आवडेल हो?" मालकीणबाईंचा चष्मा साखळीनं गळ्यात अडकवलेला असायचा, तो डोळ्यांवर चढवून त्या विचारायच्या, "तुमचाच ना मुलगा?" एका आत्याबाईंनी भाच्यासाठी छोटा स्पीकर घेतला आणि परत येऊन बदलून टेबललॅम्प नेला, कारण स्पीकरनं अभ्यास बुडेल. एका आजोबांनी नातीसाठी पॉवर बँक घेतली. "माझ्याशी फोनवर बोलताना नेमकी तिची बॅटरी संपते," म्हणाले. मालकीणबाई हसल्या नाहीत. मलाही हसू आलं नाही.

मग एक दिवस ते आले. रुंद खांदे, कारखान्यातले जाड बूट, बोटांवर पत्र्यानं कापल्याच्या जुन्या पांढऱ्या रेघा. त्यांचं पहिलं वाक्य ऐकूनच मी दचकलो. समोरच्या माणसाशी ते रस्त्यापलीकडच्या माणसाशी बोलावं तसं बोलत होते.

"मुलीला हेडफोन पाहिजे. नववीत आहे. पण मी ऐकल्याशिवाय घेणार नाही. डोळे झाकून वस्तू घेणारा माणूस नाही मी."

मालकीणबाईंनी एकेक काढून दिला. ते प्रत्येक हेडफोन लावायचे, मान तिरकी करून ऐकायचे, काढायचे. माझ्या शेजारी एक चांगल्या घराण्यातला होता, गोल, मऊ आवाजाचा, किंमत माझ्याएवढीच. तो लावून ते म्हणाले, "हा गोधडीतून गातोय."

मग मी. गाणं सुरू झालं आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मी गांगरलोच.

"हा घ्या. ह्याला म्हणतात आवाज. शब्द न् शब्द कळतोय."

मालकीणबाईंनी मला कानाला लावलं आणि लगेच लांब धरलं. "हा टोचतो हो कानाला. त्याच पैशांत तो दुसरा न्या, माझं ऐका."

"तुमचे कान नाजूक दिसतायत, बाई."

त्या भल्या होत्या, दोनदा सांगितलं. पण ते ऐकेनात. आणि खरं सांगू, तेव्हा मला त्यांनी ऐकू नये असंच वाटत होतं. आजवर मला कुणी निवडलं नव्हतं.

घर दोन खोल्यांचं. आई बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनवर लोकांचे कपडे उसवून बेताचे करून द्यायची. मुलीला घरात टिल्लू म्हणत, आणि ती आता आईपेक्षा वीतभर उंच होती, त्यामुळे पाहुणे प्रत्येक वेळी तोच विनोद करत. सुट्टीच्या पहिल्या सकाळी बाबांनी खोकं तिच्या मांडीवर ठेवलं आणि समोर पाट मांडून बसल्यासारखे बसले.

टिल्लूनं मला लावलं. मी जमेल तितकं हळू गायलो. तरी तिच्या भुवया आकसल्या. अर्धा क्षण. मग तिनं त्या सरळ केल्या.

"काय? शब्द न् शब्द?"

"हो बाबा. मस्तच आहे."

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात महागडं वाक्य ते हेच. तिनं ते किती सहज टाकलं.

दुपारी ती आईला म्हणाली, "कानात सुई गेल्यासारखं होतं गं. बाबा म्हणतात ऐकून घेतला. मग त्यांना कळलं कसं नाही?"

आईनं दोरा दातानं तोडला. "हौसेनं आणलाय. वापर थोडे दिवस. तोंडावर काही बोलू नकोस."

मग टिल्लूनं शक्कल काढली. बाबा घरात असले की मी तिच्या गळ्यात. बाबा पाळीवर गेले की मी खुंटीवर आणि ती मैत्रिणीकडून आणलेले इअरफोन लावायची. वर्षभर मी दागिन्यासारखा मिरवलो. बाबा जाता-येता बघायचे आणि खूश व्हायचे. कोणाला भेट आवडली की नाही हे बघताना माणसं वस्तू कुठे आहे ते बघतात, चालू आहे की नाही ते बघत नाहीत.

बाबा तेलाच्या डब्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर होते. तिथे त्यांना वैद्यबुवा म्हणत, कारण मशीनच्या ठोक्यावरून ते साच्याचं दुखणं ओळखायचे. कंपनीनं दिलेली कानातली बोंडं ते खिशात ठेवायचे. कान बंद केले तर साचा ओरडलेला कळणार कसा, असं त्यांचं म्हणणं. टीव्हीचा आवाज वाढला होता. कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत बसला तरी ते शेजारी पेपर वाचत राहायचे. आई म्हणायची, "पेपरात डोकं घातलं की ह्यांचं जग बुडतं." सगळ्यांना ते पटायचं.

पुढच्या सुट्टीत त्यांचे कारखान्यातले एक दोस्त चहाला आले. टिल्लू त्यांना काका म्हणायची. बशीत चहा ओतून काका रंगात आले.

"तुझा बाप दरवर्षी कानाच्या तपासणीत पहिला येतो, ठाऊक आहे? नर्सबाई काचेपलीकडे बसतात. आवाज सोडायला बटण दाबलं की त्यांचं कोपर हलतं. आपण कोपराकडे बघायचं, ते हललं की बोट वर. ही विद्या वैद्यबुवांचीच. अख्ख्या खात्याला शिकवली यानं."

"नापास झालं तर?" टिल्लूनं विचारलं.

"तर गोडाऊनमध्ये. खोकी मोजत बसायचं."

बाबा हसले, पण थोडे उशिरा, काकांचं हसणं बघून. टिल्लूचा हात माझ्या तारेवर घट्ट झाला. मला तिची नाडी लागत होती.

काका गेल्यावर तिनं मला फोनला जोडलं आणि बाबांच्या डोक्यावर चढवलं. "बाबा, एक गंमत. डोळे मिटा. आवाज आला की बोट वर."

त्यांनी डोळे मिटले. दोन्ही हात गुडघ्यांवर. टिल्लूनं फोनवर एक बारीक शिट्टीसारखा सूर लावला. तो सूर म्हणजे माझा हुकमी एक्का. माझ्यातलं जे जे कर्कश आहे, ते सगळं मी त्यात ओतलं. आईनं बाहेरच्या खोलीतून विचारलं, "काय गं वाजतंय ते?" बाबांचं बोट गुडघ्यावरून हललं नाही. टिल्लूनं आवाज वाढवला. मी अंगातली सगळी ताकद लावून ओरडलो. त्यांच्या कानाला चिकटून ओरडलो.

"लाव की," बाबा म्हणाले, डोळे मिटूनच. "किती वेळ लावतेस?"

टिल्लू रडली. मग सगळं सांगितलं. हा हेडफोन सगळ्यांना टोचतो, तुम्हालाच गोड लागतो, कारण बारीक आवाज तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत. दुकानातला तो दुसरा गोधडीतून गात नव्हता, बाबा.

बाबांनी मला डोक्यावरून काढलं, उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले काय, तर, "मग वर्षभर सांगितलं का नाहीस? आठवड्यात बदलून मिळाला असता."

कानांचा विषय त्यांनी काढलाच नाही. त्यांना माझंच वाईट वाटत होतं, आपण पोरीला वाईट वस्तू दिली याचं.

डॉक्टरांकडे आई घेऊन गेली. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं राखायचं असेल तर प्रेस सोडा, असं त्यांनी सांगितलं. बाबांनी मान डोलावली. महिन्याभरानं कारखान्यातली तपासणी होती. त्या सकाळी टिल्लू दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, आज कोपराकडे बघू नका."

संध्याकाळी ते आले, बूट काढले आणि म्हणाले, "पास."

ती आत निघून गेली. बाबा खुंटीपाशी आले, माझ्याकडे बघत उभे राहिले. "वैद्याला गोडाऊनमध्ये बसवतील," ते पुटपुटले. हे त्यांनी घरात दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही.

आणखी एक वर्ष प्रेसवर गेलं. मग माणसांचे शब्दही विरायला लागले. तेव्हा टिल्लूनंच युक्ती शोधली. फोन आपल्या तोंडापाशी धरायचा, बोललेलं माझ्यातून बाबांच्या कानात. जगाला टोचणारा माझा आवाज त्या एका माणसाला हवा होता. मी रोज जेवायला तिघांबरोबर चौथा बसायचो, मी आणि माझी तार. टिल्लू कॉलेजातल्या गमती सांगायची, बाबा ताटावर वाकून हसायचे, आता वेळेवर हसायचे. आयुष्यात चांगले दिवस कोणते असं मला विचाराल, तर ते सात-आठ महिने.

पण कान थांबले नाहीत. हळूहळू माझ्यातूनही त्यांना नुसता गलका यायला लागला. त्यांनी ते कुणाला कळू दिलं नाही. अशा माणसांकडे एक ठेवणीतलं उत्तर असतं, कुठेही खपणारं. ओठांवरून थोडं ओळखायचं, बाकी ते उत्तर द्यायचं. तपासणीत कोपर, घरात ओठ.

टिल्लूला लांबच्या गावी शिकायला जायचं होतं. जायच्या दुपारी ती खाली वाकून बॅग भरत होती. फोन तिच्या बाजूलाच चालू पडलेला, मी बाबांच्या डोक्यावर. ती वर बघत नव्हती. बहुतेक बघून तिला बोलता आलं नसतं.

ती म्हणाली, "बाबा, पहिल्या दिवशीच मी खरं बोलले असते ना, की मला हा आवडला नाही, तर तेव्हाच सगळं कळलं असतं. एक वर्ष माझ्यामुळे गेलं तुमचं. मला रोज वाटतं ते."

मी एकेक शब्द जपून, सावकाश त्यांच्या कानात ठेवला. पलीकडे कुणी उचलला नाही. त्यांना फक्त तिची वाकलेली पाठ दिसत होती. गाडी, वेळ, सामान, असलंच काही असेल असं त्यांना वाटलं असावं.

"हो, हो," बाबा मायेनं म्हणाले. "खरंय तुझं."

बॅगेवरचे तिचे हात थांबले. मग तिनं चेन ओढली. उठली, त्यांच्या खांद्याला डोकं लावलं आणि गेली.

त्यानंतर साचा ओरडलेलाही कळेना, तेव्हा बाबांनी स्वतःहून प्रेस सोडली. आता ते गोडाऊनमध्ये असतात, दोन्ही कानांत खरीखुरी यंत्रं लावतात आणि बरंचसं ऐकू येतं त्यांना. टिल्लूचा फोन येतो. ती आईशी पुष्कळ बोलते, बाबांशी थोडं. बाबा आईला विचारतात, "पोरगी माझ्याशी असं मोजकं का बोलते गं?" आई म्हणते, मोठी झाली आता.

माझी एक गादी सोलली आहे, तार मध्ये पिचली आहे. मी आईच्या शिलाईच्या ड्रॉवरमध्ये रिळांशेजारी पडून असतो. कुणी काही दिलं आणि ते आवडलं नाही, तर त्या माणसाला सांगत जा, एवढं मला सगळ्यांना सांगायचं आहे. पण त्याहून मोठी विनंती एकच आहे. तुमच्यापैकी कुणाला ती मुलगी भेटली, उंच आहे, घरात टिल्लू म्हणतात, तर तिला माझा निरोप द्या. त्या दुपारी बाबांना ऐकू आलं नव्हतं. त्यांनी तिला दोष दिलेला नाही. त्यांना अजून माहीतच नाही, की तिनं काही कबूल केलं होतं.