बजाबाईची ट्रंक

सुनेनं भिंतीला बुटकी, उघडी मांडणी ठोकून घेतली आणि नातवाची खेळणी तिच्यात रचली, तेव्हाच बजाबाईच्या मनात पाल चुकचुकली. इतके दिवस खेळणी तिच्या ट्रंकेत होती. लग्नात माहेरून आलेली जाड पत्र्याची ट्रंक! ती आता गॅलरीत, चपलांशेजारी.

"झाकण जड आहे, आत्या. अभिमन्यूच्या अंगावर पडेल," अंकिता म्हणाली.

म्हणे जड! बजाबाईची चार लेकरं त्या ट्रंकेपाशी वाढली, कुणाचं काय वाकडं झालं? पण सून पडली सात रस्ता चौकातल्या ऑफिसात जाणारी, गोडबोली. केसानं गळा कापणारी असली माणसं बजाबाईनं लई बघितली होती.

"आज ट्रंक भायेर, उद्या म्हातारी," ती शेजारच्या गौरम्माला म्हणाली. गौरम्मा नुसतं "अगंबाई!" म्हणाली, पण संशयाला तेवढंही पुरतं.

त्यात सकाळी अंकिता फोनवर बोलताना ऐकू आली, "शनिवारी ट्रंक न्यायला या." झालं! भंगारवालाच, दुसरं कोण? सून ऑफिसला जाताच बजाबाईनं ट्रंक फरफटत घरात आणली आणि सगळी खेळणी आत कोंबली.

"भरली ट्रंक कोन नेतंय बगतेच की!"

तीन वर्षांचा अभिमन्यू खुशीत आला. आपला ट्रॅक्टर शोधायला तो ट्रंकेच्या काठावरून आत वाकला, आणि झाकण सुटलं. बजाबाईनं झेप घेऊन हात मधे घातला. तिची बोटं चेचली. पोराची मान त्या बोटांच्या खालीच होती.

संध्याकाळी अंकितानं सुजलेला हात बघितला, मग ट्रंक बघितली. ती काही बोलायच्या आतच बजाबाईला रडू फुटलं.

"मानंवर पडत हुतं गं. माज्यामुळं लेकरू गेलं असतं. दिऊन टाक त्या भंगारवाल्याला."

"कसला भंगारवाला? वेल्डर येणारय, आत्या. झाकणाला आधाराची पट्टी लावून ट्रंक तुमच्या खोलीत ठेवणार होते. तुमच्या लुगड्यांना."

बजाबाईला हातापेक्षा हेच जास्त लागलं.

"मग मला सांगायचं की!" ती रडतरडतच ओरडली.

अंकितानं लेकाला छातीशी घट्ट धरलं होतं.

"आणि तुम्ही मला विचारायचं नाही?"