अर्ध्या सतरंजीचं गाऱ्हाणं

मित्रांनो, आधी पाय पुसा, मग बसा. मी एक जुनी सतरंजी आहे. खरं सांगायचं तर अर्धीच. उरलेली अर्धी औरंगाबादेत कुणाच्या घरी आहे की तिचं पायपुसणं झालं, देव जाणे. मी गोड बोलेन अशी आशा धरू नका. उठता-बसता प्रेमाचे धडे देणाऱ्यांनीच मला कात्री लावली. मग गोड कुठून बोलू?

वरंगलच्या एका मागावर माझा जन्म झाला. निळे आणि तांबडे पट्टे, आणि वीण अशी घट्ट की चहा सांडला तरी फरशीपर्यंत पोचत नसे. भगवंतराव मास्तरांनी मला विकत घेतलं. मास्तर जालन्याकडचे मराठी ख्रिस्ती. हैदराबादेत ते शाळेत शिकवायचे. खेड्यांतून कॉलेजात आलेली ख्रिस्ती मुलं इथं एकटी पडतात, हे त्यांनी पाहिलं होतं. म्हणून ते सायकलवर वसतिगृहं हिंडायचे आणि मुलामुलींना रविवारी संध्याकाळी हिमायतनगरच्या आपल्या घरी बोलवायचे. पुढं कॉलेजने एक खोली दिली आणि मुलांचं हे प्रार्थनेचं मंडळ तिथं भरू लागलं. एक गाणं तेलुगु, एक मराठी, एक कानडी. गप्पा मात्र सगळ्यांच्या दखनीत. इतर धर्मांची पोरंही चहाला यायची आणि कडकडून वाद घालून जायची. सगळ्यांना मी पुरत असे, आणि मला त्याचा ताठाही होता.

मास्तरांची एक रीत होती. माझी घडी एकट्याच्यानं होत नसे. त्या दिवशी ज्या दोघांचं भांडण झालं असेल, त्यांनीच ती घालायची. तोंडं फुगवून दोघं माझी दोन टोकं धरत आणि एकमेकांकडे चालत येत. कोपऱ्याला कोपरा जुळवताना हाताला हात लागे, आणि कुणीतरी फिस्सकन हसे. मला ती गंमत फार आवडायची.

मास्तर वारले. मग छप्पन साल आलं आणि हैदराबाद राज्य मोडलं. मराठवाडा मुंबई राज्यात जाणार, कानडी जिल्हे म्हैसूरला, तेलंगण आंध्राकडे. कचेऱ्यांतून कपाटं आणि खुर्च्या वाटल्या जात होत्या. सरकारचं काम, सरकार करील. पण आमच्या दीडशहाण्यांना वाटलं, आपलं मंडळही वाटून घ्यावं!

मराठी मुलांचा पुढारी होता प्रतापराव. तो औरंगाबादेला जाऊन नवं मंडळ काढणार होता. तेलुगु मुलांचा पुढारी देवरत्नम. वर्षानुवर्षं एका ताटात जेवलेले हे दोघे आता एकमेकांचं तोंड पाहीनात. वाजवायची पेटी तेलुगु मुलांकडे गेली, चहाची किटली मराठी मुलांकडे. कानडी मुलं थोडीच होती. ती बिचारी कंदील उचलून बाजूला झाली. राहिले मी.

"सतरंजी भगवंतराव मास्तरांची. म्हणजे आमची," प्रतापराव म्हणाला.

"वरंगलमें बनी है भई, हमारीच है," देवरत्नम म्हणाला. "तुमकू स्टेट मिला ना? वो लेके जाओ."

तेव्हा सत्यवती उठली. ही उदगीरकडची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. बाकीची मराठी मुलं निघाली होती, पण तिला परीक्षा इथंच द्यायची होती. या शहरात तिचं कुणी म्हणजे कुणी नव्हतं. आठवडाभर मिटलेलं तोंड ती रविवारी माझ्यावर बसून उघडायची.

"कापू नका हो," ती म्हणाली. "तुम्ही जाल निघून. मी कुठं बसू?"

"तू आमची की त्यांची, ते ठरव आधी," प्रतापराव खेकसला.

"मी मंडळाची."

"मंडळ राहिलंय कुठं आता?"

सत्यवतीनं देवरत्नमकडे पाहिलं. तो तिला अक्का म्हणायचा. तो भिंतीकडे बघत राहिला. मेल्यांनो, एकानं तरी तिची बाजू घ्यायची होती!

आणि मग काय केलं, ऐका. सगळ्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली. आधी प्रार्थना, मग कात्री! कोठीच्या बाजारातून आणलेली ती कात्री बोथट निघाली. माझी वीण तिला दाद देईना, तेव्हा दोघांनी मला दोन्हीकडून ओढायला सुरुवात केली. मास्तरांच्या रीतीप्रमाणे दोन भांडखोर माझी दोन टोकं धरून उभे होते, फक्त या वेळी ते मागं मागं सरकत होते. फाटताना मी ओरडले, पण सतरंजीचं कोण ऐकतं?

पुढच्या रविवारी मला त्याच खोलीत अंथरलं. अर्धीच मी, मुलं दाटीवाटीनं बसलेली. सत्यवती दारात आली. कुणी सरकेना.

"अक्का, तुमची सतरंजी औरंगाबादला गेली ना?" देवरत्नम म्हणाला. दोन-चार जण हसले.

ती आत आली. माझ्या फाटक्या काठापलीकडे, थंडगार शहाबादी फरशीवर बसली. तेलुगु गाणं सुरू झालं. तिला ते पाठ होतं, तिनं सगळ्यांबरोबर म्हटलं. शेवटी देवरत्नमनं दूर गेलेल्या भावांसाठी प्रार्थना केली, गळा दाटून आणून. हातभर अंतरावरच्या बहिणीचं नाव काढलं नाही. तरी तिनं आमेन म्हटलं. मला पाय असते तर मी त्या सगळ्यांच्या बुडाखालून निसटून तिच्याखाली गेले असते. इतका संताप मला कात्रीचाही आला नव्हता.

त्यानंतर ती आली नाही. का आली नाही, हे कुणी विचारलंही नाही.

मित्रांनो, मला उन्हात घाला, झटका, उंदरांपासून जपा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझं एवढंच ऐका. एक माणूस जरी फरशीवर बसलेलं असेल, तर मला अंथरू नका. तशीच कोपऱ्यात पडू द्या. उंदरांनी कुरतडलं तरी चालेल.