घोड्याचं नाक आणि सुनेचा दम

उंच डोंगरातल्या मुरगाबच्या वरच्या वस्तीत सून म्हणून येऊन बुरूलला चौदा दिवस झाले होते, आणि चौदाही दिवस पाण्याच्या बादल्यांनी तिची अब्रू घालवली होती. झऱ्यावरून घरी येताना तिच्या छातीचा भाता व्हायचा, वाटेत दोनदा बसावं लागायचं. सासरे अब्दिलास शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत, खालच्या मुलखातली सून आणली, अंगात नुसता आळस भरलाय. नव्या सुनेनं सासऱ्यापुढे तोंड उघडायचं नसतं, म्हणून ती ऐकून घेई. खाली ओश शहरात नर्सचं शिक्षण घेतलेली पोर, पण इथं त्याला विचारतो कोण!

आंदणातला तांबडा घोडाही तिच्याच ट्रकमधून वर आला होता. आठवड्यावर शर्यत, आणि हा अर्ध्या फेरीतच धापा टाकत थांबायचा. अब्दिलासनी वाडवडिलांचा उपाय काढला. नाकपुड्या चिरायच्या, म्हणजे हवा जास्त शिरते. सुरीला धार लावून झाली, बुरूलच्या नवऱ्यानं घोड्याचं डोकं घट्ट धरलं. तिला राहवेना.

"बाबा, मग माझंही नाक चिरा. आम्ही दोघं एकाच ट्रकनं आलो."

अब्दिलासनी सुरी खाली घेतली. तोंड उघडलंच आहे तर पुरतं बोलावं, असं तिनं ठरवलं. हवा नाकातून हवी तेवढी जाते, खरी देवघेव आत होते, ती म्हणाली. फुप्फुसात द्राक्षांच्या घडासारख्या बारीक पिशव्या असतात. त्यांना बिलगून वाहणारं रक्त कार्बन डायऑक्साइड तिथं टाकतं आणि प्राणवायू उचलतं. इथल्या विरळ हवेत तोच कमी. नाक फाडून तो वाढत नाही. तो वाहणारे हमाल, म्हणजे तांबड्या पेशी, रक्तात वाढावे लागतात, त्याला वेळ लागतो.

"किती?"

"अजून दोन-तीन आठवडे तरी. शर्यत यंदा सोडा, बाबा."

"म्हणजे तू वाटेत बसतेस, ते..."

"तेच."

अब्दिलासनी सुरी म्यानात घातली आणि ते घरामागे गेले. आता आपल्याला माहेरी धाडणार, असं बुरूलला वाटलं. तेवढ्यात बादल्या वाजल्या. सासरे दोन्ही हातांत बादल्या घेऊन झऱ्याकडे निघाले होते.

वस्ती बघतच राहिली. सुनेनं पाणी भरायला लावलं का, असा टोमणा शेजाऱ्यानं मारलाच.

अब्दिलास थांबले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सून आळशी नाही. अडाणी मीच होतो."