शेठसाठी करायचा फोन

मित्रांनो, मी सलूनमधली एक जुनी खुर्ची आहे, आणि माणसांबद्दल माझे मत फारसे चांगले नाही.

ते मत काही मी घाईने बनवलेले नाही. माझे बूड ओतीव लोखंडाचे आहे, पाठ मागे कलते, डोके टेकायला उशी आहे आणि बाजूच्या दांड्याने मला वरखाली करता यायचे. कारखान्यातून आले तेव्हा माझे लाल रेक्झिन इतके चकचकीत होते, की मालकांच्या वडिलांनी सुरुवातीला माझ्यावर कुणाला बसूच दिले नाही. नंतर मात्र जो तो बसला. बसला की आधी आरशात बघून पोट आत ओढायचा. गळ्याभोवती पांढरे कापड बांधले की माणसाला आपण न्यायाधीश झाल्यासारखे वाटते. मग तो शेजाऱ्याच्या सुनेपासून साऱ्या जगापर्यंत सगळ्यांचा निकाल लावतो आणि उठताना मानेवरचे केस माझ्या अंगावर झटकून जातो. कौतुक माझेही व्हायचे. "काय दणकट खुर्ची आहे," म्हणत लोक माझ्या हातावर थाप मारायचे आणि त्याच हाताखाली च्युइंगम चिकटवायचे.

माझ्यावर बसून आरशाकडे ढुंकूनही न बघणारा एकच जण मला भेटला. तो कुत्रा होता.

मालकांनी त्याला दुकानामागच्या बोळातून उचलून आणले तेव्हा तो घडी घातलेल्या टॉवेलएवढा होता. दुपारी गिऱ्हाईक नसले की तो माझ्यावर चढायचा आणि माझ्या हातावर हनुवटी टेकून रस्ता बघत बसायचा. कुणीतरी विचारले, "या शेठची कटिंग आहे की नुसती दाढी?" झाले, तेच नाव पडले. शेठने नखांनी माझी बैठक फाडली. मालकांच्या थोरल्या बहिणीने तिथे ठिगळ लावले आणि लावताना त्याचा यथेच्छ उद्धार केला. तिला सगळे ताई म्हणत. शेजारची लॉन्ड्री तिची. मधले दार सताड उघडे असायचे आणि तिकडून वाफेबरोबर तिची बोलणी इकडे येत. शेठचे केस धुतलेल्या कपड्यांवर येतात, शेठ ओल्या पायांनी फिरतो, शेठला लाडावून ठेवलाय. शेठ तिच्या इस्त्रीच्या टेबलाखाली जाऊन झोपायचा. तिने त्याला तिथून कधी हाकलल्याचे मी ऐकले नाही.

वर्षे गेली. शेठच्या तोंडाभोवतीचे केस पांढरे झाले. मग तो मागच्या डाव्या पायाने लंगडू लागला. गुडघ्याच्या वर सूज आली, आणि ती उतरेना. मालक आणि ताई त्याला प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. परत आल्यावर मालकांनी दुकानात जाहीर केले, की सूज आहे, औषध दिलंय, होईल बरा.

गिऱ्हाइके गेल्यावर ताई मधल्या दारात येऊन उभी राहिली.

"त्या काय म्हणाल्या ते ऐकलंस ना तू?"

"ऐकलं."

"हाडाचा कॅन्सर म्हणाल्या. छातीत पोचलाय म्हणाल्या. आवडीच्या गोष्टीसाठीसुद्धा उठेनासा झाला की फोन करा, मी दुकानात येऊन त्याला सोडवते, म्हणाल्या."

मालक फडक्याने माझा हात पुसू लागले. तो मघाशीच पुसून झाला होता.

मित्रांनो, यानंतर जे सुरू झाले त्याला लोक प्रेम म्हणतात. मी तिथेच होते, मला फसवू नका. मालक प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारू लागले. काय वाटतं तुम्हाला, काढेल ना अजून थोडे दिवस? त्यांना उत्तर नको होते, होकार हवा होता. जो होकार द्यायचा त्याच्या मानेला जास्त वेळ मालीश मिळायचे. लोक काही खुळे नसतात. मालीश कशावर मिळते ते त्यांच्या लगेच लक्षात आले.

एक विमा एजंट यायचे. ते म्हणाले, शेपूट हलवतोय म्हणजे त्याला जगायचंय. शेठ शेपूट हलवत होता, कारण त्याला शिकवण चांगली होती. माणूस समोर आला की तो उठायची खटपट करायचा, ते जमले नाही की शेपूट हलवायचा. एजंटसाहेबांनी दोन्ही बघितले आणि सोयीचे तेवढे घेतले.

आणि एक होते निवृत्त हेडमास्तर. ते दर पंधरवड्याला केसांना कलप लावून घ्यायचे. डोक्यावर काळा लगदा थापलेला, कानांवर प्लास्टिकच्या टोप्या, आणि मास्तर गंभीरपणे सांगत, की निसर्गाच्या कामात माणसाने ढवळाढवळ करू नये. मालक मान डोलवत. हसायला एकाचेही ओठ हलले नाहीत. मी लोखंडाची नसते तर हसून कोसळले असते.

तोवर शेठचे अन्न सुटत चालले होते. पट्ट्याला आणखी भोके पाडावी लागली. दुखण्याच्या गोळ्या ताई त्याच्या जबड्यात हात घालून गिळवायची. त्याच्या खालची फडकी ती बदलायची, धुवायची, वाळवायची. आता तो जागच्या जागीच सगळे करायचा आणि केल्यावर तोंड भिंतीकडे वळवायचा. कुत्र्याला लाज वाटते, हे दुकानात फक्त तिला दिसले. गिऱ्हाइके नाकाला रुमाल लावून त्याच्या आयुष्यासाठी शुभेच्छा देत होती.

एकदा फडकी उचलता उचलता ती म्हणाली, "आता पुरे कर रे. बोलाव त्यांना."

मालकांनी कात्री खाली ठेवली. "तुला काय जातंय बोलायला? तुला तो कधी आवडलाच नाही."

ताई ओली फडकी छातीशी धरून आत गेली. एजंटसाहेब माझ्यावर बसलेले होते. ते हळूच म्हणाले, की बायका कधीकधी फार कठोर होतात. त्या दिवशी त्यांना भरपूर मालीश मिळाले.

नंतरचे सांगायला मला आवडत नाही, पण सांगते. एका दुपारी दुकान भरलेले होते. हेडमास्तर शेजारच्या खुर्चीत होते, अर्धे डोके काळे झालेले. मी मोकळी होते. कुणीतरी म्हणाले, शेठ पूर्वी कसा ऐटीत बसायचा नाही का. मालकांना एकदम उमाळा आला. त्यांना शेठला पुन्हा तसे बघायचे होते की लोकांना दाखवायचे होते, कुणास ठाऊक. त्यांनी त्याच्या पोटाखाली हात घातले आणि त्याला उचलून माझ्यावर ठेवले.

तो सुजलेला पाय माझ्या हाताला घासला. शेठ ओरडला. तसा आवाज मी या दुकानात कधी ऐकला नव्हता. ज्याने आयुष्यात कुणाला दात लावला नव्हता, त्याने मालकांच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला. मग मनगट सोडले. आणि थरथरत तीच जागा चाटू लागला.

मंडळींना आपापली कामे आठवली. सल्ला देणारे किती चपळ असतात हे तेव्हा बघावे. हेडमास्तर अर्ध्या काळ्या डोक्यावर टोपी चढवून निघून गेले. दुकान रिकामे झाले. मालक माझ्या पायथ्याशी फरशीवर बसले, कापलेल्या केसांत. मनगटातून रक्त येत होते. ताई आली, तिने मनगटाला टॉवेल गुंडाळला आणि तीही खाली बसली.

मालक म्हणाले, "मी फोन केला म्हणजे मीच त्याला मारलं असं होईल."

मला वाटले ती नाही म्हणेल. सगळे नाहीच म्हणतात.

"हो," ताई म्हणाली. "तूच. त्याला बोळातून उचललंस तेव्हा कुणाला विचारलं होतंस?"

 माझ्यावरून शेठचा श्वास ऐकू येत होता. मग मालकांनी फोन केला. पत्ता सांगताना दोनदा चुकले. आपल्याच दुकानाचा पत्ता.

डॉक्टरीणबाई ऊन उतरायच्या आत आल्या. शटर अर्धे ओढले. शेठला पुन्हा उचलायचे नाही असे त्यांनी ठरवले, तेव्हा सगळे माझ्यावरच झाले. त्यांनी आधी झोपेचे इंजेक्शन दिले. त्याचे डोके मांडीवर घेता येईना, म्हणून ताईने गुडघ्यांवर उभे राहून ते हातात धरले. ती त्याला नेहमीसारखीच बोलत होती. घाणेरडा आहेस, माझी सगळी कापडं खराब केलीस, झोप आता. शेठचे डोळे मिटत गेले.

पुढच्या पायावरचे थोडे केस काढावे लागतील, मग शीर दिसेल, असे सांगून बाईंनी पिशवीतून मशीन काढले.

"ते राहू द्या," मालक म्हणाले. "मी करतो."

त्यांनी स्वतःचे मशीन घेतले. पाते पुसले, तेलाचा थेंब सोडला, गरम लागत नाही ना ते स्वतःच्या चांगल्या मनगटावर लावून बघितले. मग शेठचा पाय तळहातावर घेतला आणि केस काढले. छोटासा चौकोन, कडा अगदी सरळ. इतके दिवस ज्यांना एक फोन जमत नव्हता, त्यांचा हात तेव्हा जराही हलला नाही. बाईंनी दुसरे इंजेक्शन दिले. माझ्यावरचा श्वास एकदा मोठा झाला आणि थांबला. ताईने लॉन्ड्रीतली एक धुतलेली चादर आणली, कडक इस्त्री केलेली, आणि त्याला तिच्यात गुंडाळले.

हेडमास्तर उरलेले डोके काळे करून घ्यायला लवकरच परत आले. शेठचे कळल्यावर म्हणाले, जरा घाई केलीत, आणखी थोडं थांबायला हवं होतं.

मालक कलप कालवत होते. "मास्तर, थांबलोच होतो," ते म्हणाले. "तिथंच चुकलं माझं." आणि त्यांनी मास्तरांचे डोके मन लावून काळे केले. मालीश केले नाही.

मित्रांनो, माझे रेक्झिन आता फाटले आहे, वरखाली करणारा पंपही धरत नाही, आणि मला भंगारात देण्याची बोलणी चालू आहेत. मला जपा असे मी म्हणणार नाही, मला काही दुखत नाही. पण तुमच्या घरात एखादा मुका जीव दुखण्याने तळमळत असेल, तर आरशासमोर बसलेल्यांना विचारत बसू नका. त्याची फडकी कोण धुते ते बघा आणि त्या माणसाला विचारा. पत्ता सांगताना चुकलात तरी फोन करा. रडायला नंतर पुष्कळ वेळ मिळतो. आमचे मालक अजून रडतात, सकाळी शटर उघडायच्या आधी, माझ्याच हाताला धरून. आणि त्यांच्याबद्दल मला तेव्हा अजिबात तुच्छता वाटत नाही.