दहापैकी चार

विमलताईंनी ग्रीसहून शिकायला आलेल्या एलेनीचा आजचा वेचा छपरीतल्या ताडपत्रीवर ओतला, मूठभर कापूस वर काढला आणि त्यातला कचरा निवडून बाजूला ठेवायला सुरुवात केली. सुकलेल्या पाल्याचा चुरा, बोंडाची टरफलं, मधेच एक काडी. समोरच्या खुर्चीवर लेक प्रेरणाच्या कॉलेजातले अनिमेष सर चहा संपवून बसले होते. त्यांना आज आणखी दोन गावं करायची होती. भगवानरावांनी तर पेनाचं टोपणही काढून ठेवलं होतं. सही म्हटली की ते कधी मागे हटत नसत. वाचायचं काम मात्र ते दुसऱ्यावर सोडत.

"फक्त खाली सही करा," सर म्हणाले. "मार्क मी ऑफिसात भरून घेतो."

विमलताईंनी नवऱ्याच्या हातातून पेन काढून घेतलं. "कोऱ्या कागदावर सही नाई होत, सर. अन् वेचाले यायनं शिकवलं का मी?"

भगवानराव हसले आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. बायकोचा असा सूर लागला की बैलांना तहान लागते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

कागद तसा साधा नव्हता. ग्रीसमधल्या एका विद्यापीठाशी कॉलेजचा करार झाला होता. तिकडची दहा मुलं दीड महिना इकडच्या शेतकऱ्यांच्या घरी राहून काम शिकणार आणि पुढच्या सत्रात इकडची दहा मुलं तिकडे जाणार. इथे मिळालेले मार्क तिथल्या पदवीत धरायचे, तिथले इथल्या. त्यात हातच्या कामाचे दहा मार्क ज्या घरी मूल राहिलं त्या घराने द्यायचे होते. पाचाच्या खाली आले तर मुलाचा अख्खा दीड महिना वाया. जाणाऱ्या दहांच्या यादीत प्रेरणाचं नाव होतं. विमलताई स्वतः सातवीत शाळेतून निघाल्या होत्या. कुणाला मार्क द्यायची वेळ त्यांच्यावर जन्मात पहिल्यांदाच आली होती आणि त्यांनी ती भलतीच मनावर घेतली होती.

एलेनी पोरगी गुणी होती, यात वाद नव्हता. ठेचा-भाकर डोळ्यांत पाणी येईपर्यंत खायची आणि पुन्हा मागायची. शेजारच्या बायकांत बसून, एक शब्द कळत नसताना, त्यांच्याइतकीच हसायची. पण तिच्या घरीही कापूस पिकत होता. तिकडे तो मशीन वेचतं, त्यामुळे वेचण्यात शिकण्यासारखं काय आहे, असं तिला मनातून वाटे. दिवस कासराभर वर आल्यावर ती उठे आणि ऊन तापल्यावर शेतात पोचे. ऊन चढायच्या आत वेच, तेव्हा पाला नरम असतो, चुरा होऊन कापसाला चिकटत नाही, हे विमलताईंनी प्रेरणाकरवी तिला किती वेळा सांगितलं असेल. एलेनी मान डोलवी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अकराला हजर.

"चार," विमलताई म्हणाल्या.

अनिमेष सरांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता. हा करार व्हावा म्हणून त्यांनी पाच वर्षं ऑफिसांचे उंबरठे झिजवले होते. बाकीच्या घरांतून दहापैकी दहा यायचे आहेत, त्यांनी समजावलं. ही एकटी नापास झाली तर तिकडचे लोक काय म्हणतील? कराराची मुदत संपत आली होती, तो वाढला नाही तर मुलं जाणार कुठून? शेवटी ते आवाज उतरवून म्हणाले, "यादीत आपल्या प्रेरणाचं नाव आहे, ताई." ती धमकी नव्हती. ते खरंच होतं, म्हणूनच जास्त लागलं.

 प्रेरणाने जावं असं विमलताईंइतकं कुणालाच वाटत नव्हतं. नातेवाइकांना सांगून झालं होतं, बॅगही घेऊन झाली होती. त्यांनी प्रेरणाजवळ उभ्या असलेल्या एलेनीकडे बोट केलं आणि लेकीला म्हणाल्या, तिला मार्क सांग, आणि काहून दिले तेही सांग.

प्रेरणा इंग्रजीत बराच वेळ बोलली. एलेनी ऐकत राहिली, मग तिने हसून विमलताईंना नमस्कार केला.

"चार म्हटल्यावर कोनी हासते का?" विमलताई लेकीला म्हणाल्या. "काय सांगतलं तिले?"

प्रेरणाने मान खाली घातली. तिने आठ सांगितले होते. "माही जागा गेली तं, आई?" ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

 विमलताईंनी हातातली कापसाची मूठ सोडली नाही. "उद्या तिकडून तुहे मार्क येतीन. तिकडच्या बाईनंबी असेच देल्ले असन, तं मी ते खरे कशावरून मानू?"

 अनिमेष सर कागदाची घडी करत होते आणि पुन्हा उलगडत होते. मग प्रेरणाने ओढणीने डोळे पुसले आणि एलेनीला खरं काय ते सांगितलं.

एलेनी लालबुंद झाली. तिच्या गावी हा कचरा मशीन काढतं, हे तिने दोनदा सांगितलं. आमच्या घरी मशीन मीच आहे, असं विमलताईंनी उत्तर पाठवलं. प्रेरणाने ते इंग्रजीत कसं म्हटलं कोण जाणे, पण एलेनीने मशीनचा विषय सोडला. तिने ताडपत्रीवरचा निवडलेला कचरा पाहिला, मग सरांना विचारलं, कागद कधीपर्यंत द्यायचा? सर म्हणाले, तीन दिवस आहेत.

दुसऱ्या दिवशी विमलताईंनी चूल पेटवली तेव्हा एलेनी पायांत बूट घालून अंगणात उभी होती. तिन्ही दिवस ती झुंजूमुंजू झाल्याबरोबर शेतात गेली. तिसऱ्या दिवशी विमलताईंनी मूठ काढली तर तीत फक्त दोन पत्त्या निघाल्या. त्यांनी सहा दिले. सर म्हणाले, निदान सात तरी करा. त्या म्हणाल्या, वेचा स्वच्छ आहे, पण हात अजून सावकाश आहे, सहा. आकडा त्यांनी स्वतः लिहिला आणि खाली सही केली. एलेनीने त्या सहाचा फोटो काढून आपल्या आईला पाठवला.

जानेवारीत ग्रीसहून उत्तर आलं. दहांपैकी नऊ कागद त्यांनी खुलासा मागून परत पाठवले होते. नऊही कागदांवर दहापैकी दहा होते आणि अक्षर एकाच माणसाचं होतं. एक कागद तेवढा जसाच्या तसा स्वीकारला. कराराची मुदत वाढली, पण मार्क त्या घरच्या माणसानेच आपल्या हाताने भरायचे, ही अट घालून. ही बातमी अनिमेष सरांनी स्वतः फोन करून सांगितली. आपलं चुकलं, असंही म्हणाले. असं म्हणणारे सर थोडे असतात. फेब्रुवारीत प्रेरणा गेली.

मार्चच्या सुरुवातीला विमलताई शेवटचा, मुख्य वेचणीनंतर पुन्हा फुटलेला फरदडीचा कापूस वेचत असताना तिचा फोन आला. ऑलिव्ह नावाच्या झाडांच्या छाटणीचे मार्क लागले होते. दहापैकी पाच. काठावर पास. तिचा आवाज रडवेला होता. इतक्या थंडीत हात फुटेपर्यंत छाटणी केली, पण इथल्या घरची बाई फार कडक आहे, एक फांदी चुकीची कापली तर तोंड फिरवते, असं ती सांगत राहिली.

"तू असती तं किती देल्ले असते, आई?"

विमलताईंना खूप काही म्हणावंसं वाटलं. पोरीचे फुटलेले हात एकदा हातात घ्यावेसे वाटले.

"मी कुठं पाह्यलं तुले तिकडं?" त्या म्हणाल्या. "ज्यानं पाह्यलं, त्याचे खरे."

मग जेवलीस का, हाताला तेल लाव, एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला, कमरेची कापसाची ओटी सावरली आणि पुन्हा वेचायला लागल्या. शेताच्या कडेला धुऱ्यापाशी पोचून मागे वळल्यावर त्यांना दिसलं, शेजारची ओळ पांढरीच्या पांढरी तशीच राहिली होती. ती नेहमी प्रेरणा वेचायची, म्हणून हात आपोआप ती सोडून पुढे गेला होता.

त्या थोडा वेळ धुऱ्यावर टेकल्या. मग उठून ती ओळही वेचायला लागल्या.